मारोती कंडक्टरची ओळख

मारोती कंडक्टरने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी लिंक्डइनवर खातं उघडलं, ते पोराला नोकरी लावण्यासाठी. त्याला स्वतःला नोकरी नको होती. लातूर आगारात एकतीस वर्षं तिकिटं फाडून झाली होती, गुडघे कामातून गेले होते, आणि सकाळी पेपर आणि संध्याकाळी विहारातली मंडळी एवढं त्याला पुरत होतं. पण त्या साइटला हे कळेल तर शपथ. आठवड्यातून दोनदा तिचा निरोप यायचाच: 'मारोती, तुमच्यासाठी योग्य अशा चौदा नोकऱ्या.' आणि त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, नांदेडच्या विष्णुपुरी कॉलेजातून इंजिनिअर होऊन आलेला अश्वजित तीन वर्षं बसून होता, त्याच्यासाठी एक निघत नव्हती. भामाबाई एकदा नवऱ्याला म्हणालीसुद्धा, "मंग तुम्हीच लागा परत. तुम्हाला तरी बोलवाय लागलेत."

खातं अश्वजितनेच उघडून दिलं होतं. बाप दिवसभर खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावतो, 'हा कोण, तो कोण, ह्याला कशी लागली' विचारतो, त्याला कंटाळून. 'पद' ह्या रकान्यात त्याने 'निवृत्त वाहक' टाकलं, भाषा मराठी करून दिली, आणि पहिली ओळख स्वतःचीच जोडून दिली. मग मारोतीला छंदच लागला. कोणी कुठे रुजू झालं, कोणाला बढती मिळाली, की हा आपला चष्मा पुसून अंगठा दाबायचा. मुंबईतल्या एका बँकेच्या साहेबाला त्याने 'अभिनंदन, आमच्या मुलाचाही विचार व्हावा' असं जाहीर लिहिलं तेव्हा मात्र अश्वजितने हात जोडले. "पप्पा, बघत जा फक्त. लिहीत नका जाऊ."

मारोतीला हे पटत नव्हतं. माणसाने मागितल्याशिवाय त्याला कोण काय देतं? गाडी खच्चून भरली, पाय ठेवायला जागा नाही, अशा वेळी त्याने हजार वेळा पाहिलं होतं की कोपऱ्यातल्या माणसाला नावाने हाक मारून 'पाटील, सरका बरं थोडं' म्हटलं की एका माणसाची जागा होतेच. त्याची स्वतःची नोकरीही अशीच झाली होती. त्याच्या बापाने अहमदपूरच्या एका साहेबाच्या दारात वर्षभर खेटे घातले होते, रिकाम्या हाताने कधी गेला नव्हता, कधी शेंगा, कधी हुरडा. साहेब शेवटी कंटाळून म्हणाला होता, "घ्या रे ह्याच्या पोराचं नाव." मारोतीला त्यात लाज वाटत नसे. उलट आपण आपल्या पोरासाठी एकाही दारात उभे राहिलो नाही, ही गोष्ट त्याला आत खात होती.

"आता तसं न्हाई पप्पा," अश्वजित सांगायचा. "आता घरी कोणी येत न्हाई, कोणाच्या घरी कोणी जात न्हाई. प्रोफाइल बघतात, परीक्षा घेतात, बोलावतात."

"कुणी बोलावलं का मंग?"

ह्यावर अश्वजित परत लॅपटॉपकडे वळायचा. सहाशेच्या वर ठिकाणी त्याने अर्ज केले होते. फोटोभोवती ते हिरवं कडं लावलं होतं, काम हवंय असं सांगणारं. दुपारी तीन ते रात्री आठ तो एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांच्या शंका सोडवायला बसत असे. पोरं त्याला 'डाउटवाले सर' म्हणत. वर्गात फळ्यासमोर शिकवणारे सर वेगळे, त्यांचे फोटो चौकात लागतात. डाउटवाल्याला एक टेबल, एक पंखा, आणि समोर वहीत बोट घालून उभ्या असलेल्या पोरांची रांग. त्याच्याबरोबरचे डाउटवाले आता चाळिशीला आले होते आणि अजून त्याच टेबलांवर होते.

फेब्रुवारीत पुण्याच्या एका कंपनीतून वर्षाराणी नावाच्या बाईंचा संदेश आला. त्या माणसं निवडण्याचं काम बघायच्या. तुमचं प्रोफाइल पाहिलं, परीक्षा देणार का, असं विचारलं होतं. अश्वजितने परीक्षा दिली. मग दोन साहेबांनी लॅपटॉपवरून तासभर प्रश्न विचारले. मारोती दाराबाहेर पेपर उलटा धरून बसला होता. आत काय चाललंय ते इंग्रजीत असल्यामुळे त्याला कळलं नाही, पण शेवटी शेवटी पोरगा हसला, ते ऐकू आलं. मुलाखतीत हसलेला अश्वजित त्याने पहिल्यांदाच ऐकला. भामाबाईने सैपाकघरातून नुसती मान बाहेर काढून खुणेने विचारलं, आणि मारोतीने खुणेनेच थांब म्हटलं.

"आता गुरुवारी शेवटचा राउंड," अश्वजित बाहेर येऊन म्हणाला. "मॅडमसंगं बोलायचं. मला वाटतंय हुईल." मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "हे न्हाई झालं ना पप्पा, तर मी आता बास करणार. डोकं चालत न्हाई माझं. क्लासच बरा."

हे शेवटचं वाक्य मारोतीच्या काळजात रुतून बसलं. बास म्हणजे काय, ते त्याला दिसत होतं: टेबल, पंखा, रांग. गुरुवारला चार दिवस होते आणि चार दिवस नुसतं बसून राहायचं त्याच्याच्याने होईना. त्याने आपला फोन काढला आणि वर्षाराणी मॅडमचं पान उघडलं.

त्या पानावर मॅडमनी एक मोठा मजकूर लिहिला होता, वडिलांबद्दल. इंग्रजीत होता, पण खाली 'भाषांतर पहा' होतं. लोह्याजवळच्या खेड्यातला शेतकरी बाप, मुलीला शिकवण्यासाठी नांदेडला येऊन राहिला, वगैरे. शेवटी, माझ्याकडे जे आहे ते बाबांमुळे आहे. साडेचार हजार लोकांनी अंगठे दाबले होते. सोबत फोटो होता: पांढऱ्या टोपीतला एक गृहस्थ लोखंडी गेटपाशी उभा, गेटवर 'शेषेराव' एवढं नाव आणि खाली 'सिंधु निवास', आणि मागे पाण्याची निळी टाकी. मारोतीने फोटो बोटांनी मोठा केला. लातूर-नांदेड गाडीवर त्याने अकरा वर्षं काढली होती. ती टाकी तरोडा नाक्याच्या पुढची होती, त्याला नावगाव सांगायची गरजच नव्हती.

असा बाप असलेली मुलगी बापाचा शब्द मोडणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. आणि एकदा घेतलं ते घेतलंच.

सोमवारी सकाळी त्याने घरी सांगितलं की जुना जोडीदार व्यंकटी ड्रायव्हर नांदेडला दवाखान्यात आहे, बघून येतो. अश्वजितला सांगितलं असतं तर त्याने गाडीतून खाली ओढलं असतं. स्टँडवर जाताना एका ओळखीच्या मिलवर थांबून त्याने पाच किलो तुरीची डाळ घेतली, नवी, हळदीसारखी पिवळी. मुलाचा बायोडाटा त्याने आधीच फोटोसकट झेरॉक्सवाल्याकडून छापून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला होता. लोह्याला गाडी थांबली तेव्हा तो जुन्या सवयीने उठायला गेला, आणि मग हसून परत बसला.

घर सापडायला पंधरा मिनिटं लागली नाहीत. शेषेराव नुसत्या बंडीवर, झोक्यात बसले होते. लातूरहून आलोय म्हटल्यावर त्यांनी कोण, कशाला विचारायच्या आधी पाणी मागवलं. त्यांच्या पत्नी सिंधुबाईंनी तांब्या आणला. मारोतीने अकरा वर्षांच्या नांदेड गाडीची गोष्ट काढली, आणि शेषेरावांना तो आठवलाही.

"तुमी ते! सुट्टे पैसे बरोबर देणारे," ते खूश होऊन म्हणाले. "आडनाव काय म्हणालात?"

"सोनकांबळे."

शेषेरावांनी क्षणभर मान डोलावली. "आमच्यात तसलं काई न्हाई बरं का," ते म्हणाले. "चहा घ्या, आपल्या घरच्यावानी." हे वाक्य मारोतीने एवढ्या घरांत ऐकलं होतं की त्याला आता त्याचं बरंवाईट काही वाटत नसे. तसलं काही नसतं तर ते सांगावं लागलं नसतं, एवढं त्याच्या मनात आलं आणि त्याने कप उचलला. माणूस मनाचा चांगला होता, त्यात शंका नव्हती.

मग त्याने फोल्डर पुढे केला. पोरगा हुशार आहे, दोन राउंड पास आहे, शेवटचा ताईंच्या हातात आहे. मेहरबानी करा म्हणत नाही, फक्त कानावर घाला.

"एवढंच ना?" शेषेराव म्हणाले. "पोरगी माझ्या शब्दाबाहेर न्हाई. आत्ताच लावतो की." आणि मारोतीने नको-हो म्हणायच्या आत त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला. "वर्षे, लातूरचे पाव्हणे आलेत. त्यांचा पोरगा तुझ्याकडं हाय म्हणं, अश्वजित सोनकांबळे. लई लांबून आलेत बग, दाळ घेऊन."

पलीकडून मग बाई म्हणाल्या, "बाबा, स्पीकर बंद करा. त्यांना द्या फोन."

मारोतीने फोन दोन्ही हातांनी धरून कानाला लावला.

"काका, नमस्कार. तुम्हाला घराचा पत्ता कोणी दिला?"

"कुणी न्हाई बाई. तुम्ही वडिलांचा फोटू टाकला होता. टाकी दिसली."

"अश्वजितला माहीत आहे, तुम्ही आलात ते?"

"न्हाई. पोराच्या गळ्याची आण."

बाईंचा आवाज चिडलेला नव्हता, आणि मारोतीला नंतर वाटत राहिलं की चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "काका, त्याचं झालंच होतं. आमच्या दोन्ही साहेबांनी त्याला सगळ्यांत वर ठेवला होता. गुरुवारी मी फक्त पगाराचं आणि कधी येतोस एवढंच विचारणार होते."

मारोतीच्या तोंडावर हसू आलं. "मंग झालं की बाई!"

"नाही काका. प्रत्येकाच्या कागदावर मला सही करून लिहून द्यावं लागतं, ह्याच्या घरच्यांचा माझ्याशी काही संबंध आला नाही म्हणून. आमच्यातला एक जण मागच्याच महिन्यात ह्याच कारणावरून घरी बसला. मी खोटं लिहू शकत नाही."

"मी आलोच न्हाई असं समजा."

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात ना पण." आणि मग, "ती डाळ परत घेऊन जा. बाबांना ठेवू देऊ नका."

मारोतीने फोन परत दिला. शेषेरावांना सगळं नीट कळलंच नाही. लई शिकल्या की अशाच होतात पोरी, रात्री मी समजावतो तिला, असं ते म्हणत राहिले. सिंधुबाईंनी डाळीची पिशवी आत नेऊन ठेवली होती, ती त्यांनी बाहेर आणून मारोतीपाशी ठेवली आणि खाली बघत म्हणाल्या, "पोरगी न्हाई म्हनली तर न्हाईच ठेवता येत हो भाऊ."

परतीच्या गाडीत त्याने पिशवी सीटखाली ढकलली आणि तीन तास तिच्याकडे बघितलं नाही. काय करून बसलो, हे एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं. झालंच होतं. आपण नुसतं घरात बसून राहिलो असतो, पेपर वाचला असता, विहारात गेलो असतो, तरी झालं असतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीही न करता पोराचं भलं होणार होतं आणि नेमकं तेच त्याला जमलं नाही. लातूर आल्यावर तो पिशवी तशीच सोडून उतरला. आठ-दहा पावलं गेला नसेल तोच तिकीट-मशीन गळ्यात अडकवलेली कंडक्टर पोरगी खिडकीतून ओरडली, "ओ काका, पिशवी राहिली तुमची!" त्याने स्वतः एकतीस वर्षं असंच ओरडून लोकांच्या पिशव्या परत दिल्या होत्या. मुकाट्याने मागे जाऊन त्याने ती घेतली.

"दाळ कुठली आणली?" भामाबाईने विचारलं.

"मिलवर चांगली दिसली."

"व्यंकटी कसाय?"

"बराय."

बुधवारी सकाळी अकराला अश्वजितला मेल आली. चार ओळींची होती. तुमच्या वेळेबद्दल आभार, आम्ही दुसऱ्या उमेदवारासोबत पुढे जात आहोत. गुरुवारसाठी इस्त्री करून ठेवलेला शर्ट खुंटीवरच्या हँगरला होता. त्याने तो काढून घडी घालून कपाटात ठेवला, आणि मग लॅपटॉपसमोर बराच वेळ नुसता बसला. मारोतीला त्याच्याकडे बघवेना. गेलो असतो तर निदान मुलाखतीत पडलो म्हणता आलं असतं, असं पोरगा एकदा स्वतःशीच पुटपुटला.

दुपारी तिघं जेवायला बसले. भामाबाईने त्याच डाळीचं वरण केलं होतं, वरून लसणाची फोडणी. "दाळ लई मऊ शिजली," ती म्हणाली.

"तुम्ही बरोबर सांगत होता पप्पा," अश्वजित अचानक म्हणाला. "वळखच लागते. त्या दुसऱ्याची असंल कुणाशी तरी. मीच येडा, परीक्षा परीक्षा करीत बसलो. आपलं कोण हाय तिथं?"

"ह्यांचं कुठं कोण ऱ्हातंय," भामाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि राग कुठे काढावा ते तिला कळत नव्हतं. "एवढी वर्षं एसटीत काढली, दुनिया वळखते म्हणून फिरतात. पोरासाठी कधी एका दारात गेले न्हाईत."

मारोतीच्या हातातला घास तसाच राहिला. गप्प बसलं तर पोराचं तेच मत कायमचं होणार होतं, की आपल्याला कोणी नव्हतं म्हणून गेली. बोललं तर बाप होता म्हणून गेली, हे कळणार होतं. ह्यातलं पोराला कोणतं कमी लागेल, ते त्याला ठरवता येईना. पण खोटं गिळून वर ते वरण गिळणं त्याला जमलं नाही.

"गेलतो," तो म्हणाला. "सोमवारी. त्या मॅडमच्या वडिलांकडं."

त्याने सगळं सांगितलं. टाकी, झोका, फोन, सही. भामाबाईने पदर तोंडाला लावला. अश्वजित ताटातल्या वरणाकडे बघत राहिला, आणि डाळ कुठली ते त्याला तेव्हा समजलं असावं.

"काय म्हणल्या त्या?" त्याने विचारलं.

"सही करता येत न्हाई म्हणल्या."

"त्याच्या आधी."

"झालंच होतं म्हणल्या."

"जसंच्या तसं सांगा पप्पा. त्यांनी काय शब्द वापरले?"

मारोतीने आठवून, बाईंच्या पुणेरी मराठीत, एकेक शब्द जपून सांगितलं, "त्याचं झालंच होतं. आमच्या दोन्ही साहेबांनी त्याला सगळ्यांत वर ठेवला होता."

"परत सांगा."

त्याने परत सांगितलं. अश्वजित डोळे मिटून ऐकत होता. तीन वर्षांत, सहाशे अर्जांत, तू चांगला आहेस असं त्याला कोणी एकदाही कळवलं नव्हतं. आता कळलं ते असं, बापाच्या तोंडून, उष्ट्या ताटावर. मग त्याने घड्याळाकडे पाहिलं, हात धुतला आणि तीनच्या क्लासला निघून गेला.

तो भांडला असता तर मारोतीला हलकं वाटलं असतं. तो भांडला नाही. जेवलात का, गोळी घेतली का, दळण आणू का, एवढं विचारतो, आणि बापाने उत्तर द्यायच्या आत पुढे निघून जातो. खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकवायला आता मारोतीही जात नाही. एप्रिलमध्ये क्लासने अश्वजितला पुढच्या वर्षभरासाठी पक्कं केलं. टेबल खिडकीजवळचं मिळालं, असं भामाबाईने विहारातल्या बायकांना सांगितलं, आणि त्या बरं झालं म्हणाल्या.

मे महिन्यातल्या एका सकाळी मारोतीने बऱ्याच दिवसांनी साइट उघडली. नोकऱ्या होत्याच, आता सतरा झाल्या होत्या. त्याखाली नेहमीची यादी होती, 'तुम्ही यांना ओळखत असाल'. एरवी त्यात कोण कुठले साहेब असायचे. आज पहिलाच फोटो अश्वजितचा होता. हिरवं कडं काढलेलं, आणि नावाखाली नवं पद: 'डाउट फॅकल्टी, लातूर'. मारोतीला आधी वाटलं मोबाइल बिघडला. मग त्याने आपली ओळखींची यादी उघडून पाहिली. पहिलं नाव, जे पोराने स्वतःच्या हाताने जोडून दिलं होतं, ते तिथे नव्हतं.

आतल्या खोलीत अश्वजित आंघोळ करून केस पुसत होता. दार उघडंच होतं, हाक मारली असती तर आला असता. मारोतीने हाक मारली नाही. त्याने फोटोखालचं ओळख जोडायचं बटण दाबलं. सोबत काही लिहायचंय का, असं साइटने विचारलं. त्याने चष्मा पुसला, दोन-तीनदा काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि नुसतीच विनंती पाठवून दिली.

आत फोन वाजला. अश्वजितने तो उचलून पाहिला, हे मारोतीला दारातून दिसलं. पाहून त्याने तो उलटा करून गादीवर ठेवला आणि शर्टची बटणं लावायला लागला.

त्याला आता पाच महिने झाले. मारोती रोज सकाळी उघडून बघतो, आणि पोराच्या नावापुढे 'प्रलंबित' असंच दिसतं.